पडद्यावरची रिकामी सीट

टेलिव्हिजन आणि विनाचालक मोटार या दोन्हींचं वेड एकाच माणसाच्या डोक्यात होतं, हे फारसं कुठे सांगितलं जात नाही. व्लादिमीर झ्वोरिकिन हा रशियात जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला अभियंता. टीव्ही कॅमेऱ्यातल्या ज्या नळीने समोरच्या दृश्याचं विजेच्या संकेतांत रूपांतर करायला सुरुवात केली, ती आयकॉनोस्कोप नळी त्याच्या नावावर आहे. आरसीए कंपनीत उभी कारकीर्द घालवल्यावर, साठी उलटल्यानंतर तो दुसऱ्याच प्रश्नात गुंतला. मोटारी वाढत होत्या, अपघातात माणसं मरत होती, आणि यावर इलेक्ट्रॉनिक उपाय निघाला पाहिजे असं त्याला मनापासून वाटत होतं. १९५३ मध्ये आरसीएच्या प्रयोगशाळेत जमिनीवर अंथरलेल्या तारांच्या मागाने आपली आपण धावणारी एक छोटी मोटार तयार झाली. १९५७ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराजवळ खऱ्या हमरस्त्याच्या ४०० फुटांच्या पट्ट्यात तारांची वेटोळी पुरून पुढची चाचणी झाली.

या तारेचं तत्त्व समजायला सोपं आहे. रस्त्याच्या मधोमध पुरलेल्या तारेतून प्रत्यावर्ती वीजप्रवाह सोडला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. गाडीच्या पुढच्या भागात डावीउजवीकडे दोन कॉइल बसवायच्या. गाडी बरोबर तारेवर असेल तर दोन्ही कॉइलमध्ये सारखाच संकेत उमटतो. ती डावीकडे सरकली की उजवी कॉइल तारेच्या जवळ येते, तिच्यातला संकेत वाढतो आणि स्टिअरिंग तेवढंच उजवीकडे वळतं. १९५८ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या मिशिगनमधल्या तंत्र केंद्रात एक शेवरले गाडी अशा तारेवर मैलभर चालवून दाखवली. गाडीला डोळे नव्हते आणि मेंदूही जवळजवळ नव्हता. सगळं शहाणपण रस्त्यात पुरलेलं होतं.

त्याच वर्षी, १४ मे १९५८ रोजी, अमेरिकेतल्या घराघरांत हे स्वप्न टीव्हीवरून पोचलं. वॉल्ट डिस्नेच्या ‘डिस्नेलँड’ या साप्ताहिक मालिकेतला तो भाग होता ‘मॅजिक हायवे यू.एस.ए.’, दिग्दर्शक वॉर्ड किंबॉल. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकी संसदेने ४१,००० मैल लांबीचं महामार्गांचं जाळं बांधायचा कायदा केला होता, त्यामुळे रस्ता हा त्या काळातला मोठा जिव्हाळ्याचा विषय होता. कार्यक्रमाच्या शेवटी येणारा अॅनिमेशनचा तुकडा आजही डोळे विस्फारून पाहावासा वाटतो. रस्ते आतून तापवलेले, त्यामुळे पाऊस-बर्फ टिकत नाही. धुक्यात समोरच्या काचेवर रडारचं चित्र उमटतं. वडील बटणं दाबून मुक्कामाचं ठिकाण भरतात आणि गाडी निघते. वाटेत वडील टीव्हीच्या पडद्यावरून कचेरीची बैठक घेतात. शहरात आल्यावर गाडीचे चक्क दोन भाग होतात: वडिलांचा भाग कचेरीकडे, आई आणि मुलाचा भाग बाजाराकडे. रस्त्याची कल्पना इतकी पुढे धावली आणि घरातली कामाची वाटणी मात्र १९५८ मध्येच थांबली, ही त्या चित्रातली मला सर्वांत बोलकी वाटणारी जागा आहे.

पण या कार्यक्रमात कुठेही कसली अडचण येत नाही. कोणी चुकत नाही, कोणाला काही ठरवावं लागत नाही. त्यामुळे त्यात नाट्य नाही. टीव्हीवरच्या विज्ञानकथेला दर आठवड्याला अर्ध्या किंवा एका तासात प्रेक्षक खिळवून ठेवायचा असे, तोही सिनेमाच्या तुलनेत तुटपुंज्या पैशात. रस्त्यात पुरलेली तार हे पात्र होऊ शकत नाही. स्वतःहून चालणारी गाडी होऊ शकते, फक्त तिला मन हवं. म्हणून अभियंते तारा पुरत होते त्याच काळात टीव्हीच्या लेखकांनी उलटी वाट धरली आणि शहाणपण रस्त्यातून उचलून गाडीत घातलं.

या वाटेवरची माझ्या मते सर्वांत चांगली कथा ३ जानेवारी १९६४ रोजी सीबीएस वाहिनीवर दाखवली गेली. रॉड सर्लिंगच्या ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेतला तो भाग, नाव ‘यू ड्राइव्ह’, लेखक अर्ल हॅमनर. ऑलिव्हर पोप नावाचा एक कचेरीतला अधिकारी पावसाळी संध्याकाळी घरी निघालाय. मन भलतीकडेच. सायकलवरून वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलाला त्याच्या गाडीची धडक बसते. पोप खाली उतरतो, पाहतो आणि पळून जातो. मुलगा पुढे दगावतो. तो घरी काही बोलत नाही, पोलिसांकडे जात नाही, आणि ज्याच्याशी त्याचं कचेरीत पटत नाही अशा एका सहकाऱ्यावर संशय आला तेव्हाही गप्पच राहतो.

गप्प राहत नाही ती गाडी. रात्री गॅरेजमध्ये दिवे आपोआप लागतात, हॉर्न वाजत राहतो. बायको गाडी घेऊन बाहेर पडली की अपघात झाला त्याच जागी ती बंद पडते. गाडी दुरुस्तीला जाते, पण दोष तिथे नसतोच. अखेर पोप पायी कामाला निघतो, तेव्हा सीटवर कोणीही नसलेली ती फोर्ड मागोमाग येते. तो भराभर चालतो, गाडीही वेग वाढवते. तो पळतो, धडपडतो, रस्त्यावर आडवा होतो. चाकं त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबतात. मग गाडीचं दार उघडतं. तो निमूट आत बसतो आणि गाडी त्याला पोलीस ठाण्यात नेऊन सोडते.

गाडी अशी का वागते याचं कसलंही स्पष्टीकरण कथेत दिलेलं नाही, आणि ते नसल्याने कथेचं काही बिघडत नाही. चिरडायची पुरेपूर संधी असताना ती चिरडत नाही, इथे कथेचा कस लागतो. याच मालिकेतल्या १९६० च्या ‘अ थिंग अबाउट मशीन्स’ या भागात यंत्रांचा तिरस्कार करणाऱ्या माणसावर टाइपरायटरपासून दाढीच्या यंत्रापर्यंत सगळी घरातली यंत्रं उलटतात आणि त्याची गाडी त्याला पोहण्याच्या तलावात ढकलते. तो सूड आहे. ‘यू ड्राइव्ह’मधली गाडी साक्षीदार आहे. घडलं तेव्हा तिथे ती होती, एवढंच तिला सांगायचंय. (आपल्याकडे २००४ च्या ‘टारझन: द वंडर कार’ या हिंदी चित्रपटात अब्बास-मस्तान यांनी खून झालेल्या बापाचा आत्मा गाडीत घातला, ती गाडी मात्र सुडाच्या वाटेनेच गेली.)

१८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणीगाडीची धडक बसून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. विनाचालक तंत्रज्ञानाच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची ही पहिली नोंद. त्या घटनेत काय झालं हे आज सेकंदाच्या दशांशापर्यंत ठाऊक आहे, कारण गाडीने ते लिहून ठेवलं होतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने त्या नोंदी उलगडल्या. धडकेच्या ५.६ सेकंद आधी सेन्सरना समोर काहीतरी असल्याचं कळलं होतं. संगणकप्रणालीने त्याला आधी वाहन ठरवलं, मग अनोळखी वस्तू, मग सायकल, आणि हे शिक्के पुन्हा पुन्हा बदलत राहिले. शिक्का बदलला की ती वस्तू आतापर्यंत कुठून कुठे सरकली याचा हिशेब पुसला जाई, म्हणून ती गाडीच्या वाटेत येतेय हा निष्कर्ष वेळेत निघालाच नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडू शकतं, हे त्या प्रणालीत गृहीतच धरलेलं नव्हतं. सीटवर देखरेखीसाठी माणूस होता, त्याचं लक्ष मोबाइलवर चाललेल्या टीव्ही कार्यक्रमाकडे होतं. २०२३ मध्ये त्या व्यक्तीने जिवाला धोका निर्माण केल्याचा गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

गाडी साक्षीदार होऊ शकते, हे हॅमनरने ५४ वर्षं आधी लिहिलं होतं. त्याच्या कथेत साक्ष एका गुन्हेगारापर्यंत सरळ पोचते. टेम्पीच्या नोंदींतून जबाबदारी प्रणाली लिहिणाऱ्यांत, ती रस्त्यावर आणणाऱ्यांत आणि सीटवर बसलेल्या माणसात विखुरलेली दिसते, आणि शिक्षा मात्र एकट्याच्याच वाट्याला आली. मला हे अस्वस्थ करतं.

साठ-सत्तरच्या दशकातल्या बाकीच्या गाड्यांवर फार वेळ घालवायला नको. अमेरिकेत १९६५ च्या ‘माय मदर द कार’मध्ये नायकाची दिवंगत आई जुन्या मोटारीच्या रूपात परत येते आणि त्याच्याशी रेडिओतून बोलते, ती मालिका एका हंगामात आटोपली. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’च्या १९७१ च्या ‘द डीमन्स’ या कथेत जॉन पर्टवीचा डॉक्टर आपली पिवळी बेसी गाडी हातातल्या यंत्राने दुरून चालवतो. पण दुरून चालवलेली गाडी विनाचालक म्हणता येत नाही, तिचा चालक फक्त दुसरीकडे उभा असतो. असं तर १९२५ मध्येच न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मागच्या मोटारीतून रेडिओ संकेत पाठवून करून दाखवलं होतं.

खरा बदल झाला तो २६ सप्टेंबर १९८२ रोजी, एनबीसीवर ‘नाइट रायडर’ सुरू झाली तेव्हा. त्या वर्षाअखेर ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘वर्षातली व्यक्ती’ निवडण्याऐवजी संगणकाला मान दिला, यावरून तेव्हाची हवा कळते. निर्माता ग्लेन लार्सनने गाडीत भूत किंवा आई घातली नाही, संगणक घातला. किट हे तिचं नाव: नाइट इंडस्ट्रीज टू थाउजंड या शब्दांच्या आद्याक्षरांवरून. काळी पाँटियाक फायरबर्ड ट्रान्स अॅम. नायक मायकल नाइट, म्हणजे डेव्हिड हॅसलहॉफ, मनगटावरच्या घड्याळात बोलून तिला हाक मारतो आणि ती गल्लीबोळांतून वाट काढत हजर होते. आत दोन पडदे, आकडे दाखवणारे लाल-हिरवे दिवे, विमानासारखं अर्धवट स्टिअरिंग. आणि बटणांच्या रांगेत ‘ऑटो क्रूझ’ नावाचं एक बटण, जे दाबलं की मायकलने हात सोडून दिले तरी चालतं. मायकल शेफ या डिझायनरने हा डॅशबोर्ड घडवला. त्या काळच्या साध्या गाडीत वेगाचा काटा आणि पेट्रोलचा काटा यापलीकडे फारसं काही नसे, हे लक्षात घेतलं म्हणजे तो पाहून पोरं का वेडी झाली ते समजतं.

किटचा आवाज विल्यम डॅनियल्स या नटाचा. त्याच सुमारास तो ‘सेंट एल्सव्हेअर’ या रुग्णालयाच्या मालिकेत एका तापट शल्यविशारदाचं काम करत होता आणि पुढे त्यासाठी त्याला एमी पुरस्कारही मिळाले. ‘नाइट रायडर’च्या श्रेयनामावलीत त्याने आपलं नाव स्वतःहून येऊ दिलं नाही. त्याचा तो काटेकोर, किंचित शिष्ट, पण आतून काळजी करणारा स्वर गाडीचं खरं इंजिन होता. वेगाची मर्यादा ओलांडणाऱ्या मायकलला किट टोकते, धोका सांगते, रुसते. प्रेक्षक गाडीवर विश्वास ठेवतो तो ती उत्तम वळण घेते म्हणून नव्हे, ती आपल्या माणसाची चिंता वाहते म्हणून.

आणि ती रस्त्यावर रिकामी धावताना दिसे ती कशी? संगणकाने काढलेली चित्रं तेव्हा टीव्हीच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून चालकाची सीट आतून पोकळ करून त्यात स्टंट चालकाला बसवत. सीटचं कापड त्याच्या अंगावरून, डोक्यावरून ओढलेलं, त्याला बाहेर पाहायला जेमतेम जागा ठेवलेली. बाहेरून पाहणाऱ्याला दिसायची फक्त सीटची पाठ. त्या गुदमरत्या पोकळीत बसून भर वेगात गाडी वळवणाऱ्या माणसाचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

ही युक्ती मालिकेबरोबर संपली नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या रस्त्यांवर चालकाविना फिरणारी एक व्हॅन लोकांनी पाहिली. एका टीव्ही वार्ताहराने सिग्नलला तिच्या काचेतून डोकावलं, तर सीटच्या वेषात एक माणूस गाडी चालवत होता. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेचा तो प्रयोग होता. रस्ता ओलांडताना आपण चालकाच्या नजरेला नजर देतो, त्याने मान हलवली की पाऊल टाकतो. समोर सीटच रिकामी दिसली तर लोक काय करतील, हे त्यांना पाहायचं होतं, आणि खरी विनाचालक गाडी गर्दीत सोडणं धोक्याचं होतं. टीव्हीच्या माणसांनी प्रेक्षकांसाठी शोधलेली युक्ती पस्तीस वर्षांनी संशोधकांना पादचाऱ्यांसाठी वापरावी लागली.

एका बाबतीत मात्र टीव्हीच्या सगळ्या लेखकांचा अंदाज हुकला. त्यांना वाटलं, गाडीने बोलणं आणि विचार करणं कठीण असेल. रस्ता दिसणं काय, ते होईलच. किटच्या बॉनेटपुढे डावीउजवीकडे सरकणारा लाल प्रकाश म्हणजे तिचे डोळे. लार्सनने तो आपल्याच ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’तल्या सायलॉन यंत्रमानवांकडून आणला होता. चार हंगामांत किट शत्रूंच्या डावाने अडते, पण ओल्या डांबरावरच्या चकाकीने गोंधळली किंवा वाऱ्याने उडालेली पिशवी पाहून थबकली असं काही होत नाही.

प्रत्यक्षात सगळं घोडं पाहण्यापाशीच अडलं. मालिका १९८६ मध्ये संपली. पुढच्याच वर्षी जर्मनीत एर्न्स्ट डिकमान्स यांच्या चमूने पाच टनांची मर्सिडीज व्हॅन कॅमेऱ्यांच्या आधारे ताशी ९६ किलोमीटर वेगाने चालवली, तीही रहदारी नसलेल्या महामार्गावर. व्हॅनच एवढ्यासाठी, की संगणक मावायला तेवढी जागा लागे. ते संगणक इतके मंद होते की पूर्ण चित्र तपासणं अशक्य होतं. म्हणून मार्गिकेची कड पुढच्या क्षणी चित्रात कुठे असेल याचं भाकीत करून तेवढेच चौकोनी तुकडे तपासले जात. २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोहावी वाळवंटात दीडशे मैलांची शर्यत ठेवली. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही, आणि सर्वांत पुढे गेलेली सॅण्डस्टॉर्म साडेसात मैलही पुरे करू शकली नाही. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्टॅनलेने २१२ किलोमीटर सात तासांच्या आत कापले.

मधल्या वर्षात जे सुधारलं त्यात लेसरच्या साहाय्याने अंतर मोजणाऱ्या लायडारचा वापर महत्त्वाचा होता. प्रकाशाचा क्षणिक झोत सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. ३० मीटरवरच्या वस्तूवरून तो सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागात परत येतो. सेकंदाला लाखो झोत सोडले की भोवतालचा ठिपक्याठिपक्यांचा नकाशा तयार होतो. गाड्यांच्या टपावर गरगर फिरणारं ते यंत्र पाहताना किटचा सरकता लाल दिवा आठवतोच. रस्त्यातली तार मात्र मागे पडली, कारण लाखो मैल रस्ते खोदून ती पुरायची कोणी, तिची निगा राखायची कोणी, आणि तार संपल्यावर पुढे गाडीने काय करायचं? टीव्हीने नाट्यासाठी धरलेली वाटच शेवटी अभियांत्रिकीनेही धरली.

आता कारबद्दल. कार हे किटच्या आधी बनवलेल्या गाडीचं नाव. नोव्हेंबर १९८२ मध्ये दाखवलेल्या ‘ट्रस्ट डझन्ट रस्ट’ या भागात तिला दोन चोर अनवधानाने जागं करतात. दिसायला ती किटचीच जुळी, बुद्धीही तेवढीच. फरक एकाच आज्ञेचा. किटला शिकवलंय की माणसाचा जीव वाचव. कारला शिकवलंय की स्वतःला वाचव. त्यामुळे ती वापरायला घातक ठरून बंद केलेली असते. शेवटी मायकल किटला कारच्या समोरासमोर सोडतो. दोघी एकमेकींवर धावून येतात. मायकलचा हिशेब असा, की स्वतःला जपायची आज्ञा असलेली गाडी आधी वळणार. ती वळते आणि कड्यावरून खाली जाते.

आयझॅक असिमॉव्हने १९४२ मध्ये यंत्रमानवांचे जे तीन नियम मांडले, त्यात माणसाचा जीव पहिल्या आणि यंत्राचा स्वतःचा जीव तिसऱ्या क्रमांकावर आहे. लेखकांनी कारमध्ये हा क्रम उलटवला आणि एक मोठा मुद्दा मुलांनाही कळेल असा समोर ठेवला. गाडी किती हुशार आहे यापेक्षा तिच्यात कशाला अग्रक्रम दिलाय हे महत्त्वाचं, आणि तो अग्रक्रम कारखान्यातच, ती रस्त्यावर येण्याआधी ठरलेला असतो. माणूस चालक असताना असं नसतं. त्याची प्रतिक्रिया त्या क्षणाची असते, म्हणून आपण त्याला पुष्कळदा माफ करतो. यंत्राचा निर्णय कोणीतरी टेबलाशी बसून, शांतपणे, महिनोन् महिने आधी घेतलेला असतो.

जर्मन सरकारने नेमलेल्या नीतितज्ज्ञांच्या आयोगाने २०१७ मध्ये स्वयंचलित वाहनांसाठी वीस नियम सुचवले. घटनात्मक न्यायालयाचे माजी न्यायाधीश उडो दि फाबियो त्याचे अध्यक्ष होते. अपघात टळणारच नसेल तर मालमत्ता आणि प्राणी यांच्याआधी माणूस. माणसामाणसांत वय, लिंग, शरीराची स्थिती यांवरून भेद करायचा नाही. आणि ज्यांनी वाहतुकीचा धोका निर्माण केला, त्यांनी त्यात नसलेल्याचा बळी द्यायचा नाही: गाडीत बसलेल्याला वाचवण्यासाठी पदपथावरच्या माणसावर गाडी घालता येणार नाही. २०२१ मध्ये जर्मनीने वाहतूक कायद्यात दुरुस्ती करून काही ठरावीक भागांत विनाचालक गाड्यांना परवानगी दिली, तेव्हा माणसाच्या जिवाला सर्वोच्च स्थान आणि व्यक्तिगत वैशिष्ट्यांवरून भेद नाही, ही अट गाडीच्या तांत्रिक गरजांच्या यादीतच घातली. त्या कायद्याखाली किटला रस्त्यावर उतरता येईल. कारला परवाना मिळणार नाही.